कोल्हापूर विमानतळ : इमारत उभी राहिली, आता वेळापत्रकाचं बोलू

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

उजळाईवाडीच्या विमानतळाबद्दल इथे बोलणं होतं ते तुकड्यातुकड्यांनी. नवा मार्ग सुरू झाला की अभिनंदन, बंद पडला की संताप, आणि मधले महिने कुणी विषयच काढत नाही. सगळं एका जागी मांडावं म्हणून हा धागा. लांब झालाय, पण वाचा आणि बोला.

हा विमानतळ काल-परवाचा नाही. छत्रपती राजाराम महाराजांनी संस्थानच्या काळात तो उभारला. २०१८ मध्ये त्यांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं केला तो त्यामुळेच. पुढे राज्य सरकारनं १,३७० मीटरची धावपट्टी बांधली, मग विमानतळ एमआयडीसीकडे गेला आणि २०१३ पासून तो भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. मधल्या काळात किंगफिशर मुंबईला जात होती. ती कंपनी २०१२ मध्ये बंद पडली, पण आपली सेवा त्याच्या आधीच थांबली होती. त्यानंतर बरीच वर्षं धावपट्टी होती आणि विमान नव्हतं.

'उडान', म्हणजे लहान शहरांच्या विमानांना अनुदान देणारी सरकारी योजना, आली आणि हालचाल सुरू झाली. एप्रिल २०१८ मध्ये एअर डेक्कनचं १८ आसनांचं विमान मुंबईसाठी आलं आणि लवकरच गेलंही. त्याच डिसेंबरात अलायन्स एअरनं हैदराबाद-कोल्हापूर-बेंगळुरू जोडलं. २०१९ मध्ये इंडिगोनं तिरुपती सुरू केलं, ट्रूजेटनं मुंबई. २०२२ च्या सुरुवातीला ट्रूजेटची विमानंच थांबली, आणि ऑक्टोबर २०२२ पासून मुंबईचा मार्ग स्टार एअरनं घेतला. मोजून बघा, एका मुंबईच्या मार्गावर किंगफिशर धरून चार कंपन्या झाल्या. प्रवासी तेच, शहरं तीच.

बांधकामाच्या बाजूनं मात्र काम झालं, आणि ते मोकळ्या मनानं मान्य करायला हवं. धावपट्टी १,३७० वरून १,९३० मीटर झाली. २०२२ मध्ये रात्री विमान उतरवण्याची परवानगी मिळाली. १० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. ३,९०० चौरस मीटरची इमारत आहे, गर्दीच्या तासाला ५०० प्रवासी सामावतील एवढी. दगडी बाज, मोठ्या कमानी, पन्हाळ्याच्या दरवाज्यांची आठवण यावी असं रूप. मला ती इमारत मनापासून आवडते. आपल्या गावाची ओळख सांगणारं टर्मिनल फार थोड्या शहरांना मिळतं.

पण विमानतळाची वाढ चौरस मीटरमध्ये मोजायची का? माझ्या मते ती वेळापत्रकात मोजावी. सकाळी लवकर मुंबईला जाता येतं का, काम उरकून त्याच दिवशी परत येता येतं का, हे आठवड्याचे सातही दिवस होतं का, आणि दोन वर्षांनी तेच विमान त्याच वेळेला असेल यावर माणूस विसंबू शकतो का? चारही प्रश्नांना 'हो' म्हणता येईल त्या दिवशी मी म्हणेन की विमानतळ वाढला.

एक आकडा इथे सांगायलाच हवा. 'उडान'वर 'कॅग'चा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या यंत्रणेचा, अहवाल २०२३ मध्ये आला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले होते, त्यांतले ३७१ प्रत्यक्षात सुरू झाले. सवलतीची, म्हणजे अनुदानाची, तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि मार्च २०२३ पर्यंत अनुदान संपल्यावरही चालू राहिलेले मार्ग किती? ५४. सगळ्या देशात. म्हणजे प्रश्न फक्त कोल्हापूरचा नाही, पण कोल्हापूरनं त्या ५४ च्या बाजूला राहायचं की उरलेल्यांच्या, हे आपल्याला ठरवता येईल असं मला वाटतं. कसं, ते मंडळींनी सांगावं.

ओतकाम

धागा काढलात, बरं केलंत. मी शिरोलीत फौंड्रीत आहे, वर्षं बरीच झाली. आमच्या धंद्याला विमान कशाला, कास्टिंग तर ट्रकनंच जातं, असं लोक म्हणतात. माल ट्रकनं जातो हे खरं. इंजिनचा ब्लॉक कुणी विमानात घालत नाही. पण ऑर्डर मिळायच्या आधी गिऱ्हाइकाचा माणूस येतो. तो गुणवत्ता बघतो, मेल्टिंग बघतो, लॅब बघतो आणि मग नाव यादीत घेतो. हा माणूस चेन्नईहून, गुरुग्रामहून, कधी जर्मनीहून येतो. पुण्यात उतरून पुढं २३० किलोमीटर गाडीनं यायचं, त्यात सातारा-कागल सहापदरीकरणाची कामं, वळवलेले रस्ते. तो पोचतो तेव्हा थकलेला असतो आणि परतीची घाई डोक्यात असते. दोन तासांत शॉपफ्लोअर उरकतो. आम्ही दाखवायचं ते निम्मं राहून जातं.

आणि तो पुढच्या वेळी विचारतो, "तुमच्याकडं विमान आहे ना?" आहे म्हणायचं आणि मग वार सांगायचे. मंगळवारी नाही, बुधवारी आहे, पण दुपारी. मागं एकदा एका पाहुण्याचं परतीचं विमान ऐनवेळी रद्द झालं, रात्रभर गाडी करून त्यांना पुण्याला सोडावं लागलं. त्यानंतर ते बेळगावमार्गेच येतात. कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही, कुठल्याही कंपनीच्या बाबतीत होऊ शकतं. एकदा विश्वास गेला की माणूस दुसरी वाट धरतो आणि त्याच वाटेनं येत राहतो.

वेळापत्रकाच्या मुद्द्याला माझा शंभर टक्के पाठिंबा.

शून्यसात

विमानतळांच्या आखणीशी कामानिमित्त संबंध आला आहे, म्हणून धावपट्टी २,३०० मीटर करण्याच्या प्रस्तावाबद्दल थोडं तपशिलात लिहितो. "१,९३० मीटर आहे, अजून कशाला जमीन घेता?" असं बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

आज आपल्याकडे येतात ती एटीआर-७२ आणि एम्ब्रेअर १७५ या जातीची, सत्तर-पंच्याहत्तर आसनांची विमानं. एटीआर पंख्याचं विमान, त्याला कमी लांबी पुरते. एअरबस ए-३२० सारखं १८० आसनांचं विमान पूर्ण भारानं उडवायचं तर गणित बदलतं.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. उंचीवर हवा विरळ, उन्हाळ्यात तर अजूनच विरळ. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा आखणीचा ठोकताळा असा : दर ३०० मीटर उंचीला धावपट्टी ७ टक्के वाढवा, आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा जितके अंश जास्त तितके टक्के आणखी वाढवा. आता करून बघा. समुद्रसपाटीला १५ अंशांत १,६०० मीटर पुरणारं विमान घ्या. ६०० मीटर उंचीसाठी १४ टक्के वाढवले की झाले १,८२४. या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश. एप्रिलच्या दुपारी ३५ धरलं तर २४ अंशांचा फरक, म्हणजे २४ टक्के. उत्तर येतं सुमारे २,२६० मीटर. २,३०० मीटरचा प्रस्ताव कुणाच्या हौसेतून आलेला नाही, तो या हिशोबाच्या जवळपास बसतो.

लांबी कमी असली तर विमान उडतच नाही असं नव्हे. कंपनी भार कमी करते. म्हणजे काही आसनं रिकामी ठेवते नाहीतर इंधन कमी भरते. मग लांबचा पल्ला, उदाहरणार्थ दिल्ली, परवडत नाही. मार्ग सुरू न होण्यामागे कित्येकदा हे कारण असतं, आणि ते बातमीत कधीच येत नाही.

शिवाय धावपट्टीच्या दोन्ही टोकांना सुरक्षित मोकळी जागा सोडावी लागते. ती २४० मीटर असावी अशी शिफारस आहे. आजूबाजूला सपाट पट्टा ठेवावा लागतो, मोठ्या विमानांसाठी तो आणखी रुंद. त्यामुळे धावपट्टी ३७० मीटरनं वाढवायची म्हटली तरी जमीन त्याच्या कितीतरी पट लागते.

तामगावकर

वरचा हिशोब वाचला. समजला बी. आता आमचा ऐका.

विमानतळाभोवती उजळाईवाडी, गडमुडशिंगी, तामगाव, नेर्ली, गोकुळ शिरगाव ही गावं. ऊस, सोयाबीन, भाजीपाला, दोन-चार म्हसरं, असा आमचा संसार. विस्तारासाठी ६४ एकर म्हणून कागदावर लिहायला सोपं आहे. त्यात कुणाचे वीस गुंठे, कुणाचा अर्धा एकर, कुणाची विहीर. अर्धा एकर गेलेल्या माणसाला मिळालेल्या पैशात शेजारी अर्धा एकर घेता येत न्हाई, कारण विमानतळ आला म्हणूनच शेजारच्या जमिनीचा भाव चढलेला असतो. हे कुणी लिहीत न्हाई.

आमचा विमानतळाला विरोध न्हाई. माझा पुतण्या तिथंच कामाला आहे. पण नेर्ली-तामगाव रस्त्याचं काय? विस्तारात तो रस्ता गेला की एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांना, दुधाच्या गाड्यांना लांबून वळसा. पर्यायी रस्ता आधी द्या, मग जुना बंद करा, एवढंच गावांचं म्हणणं होतं. ते मागायला रस्त्यावर उतरायची वेळ का यावी?

मुंबईचं वेळापत्रक महत्त्वाचं आहे. आमच्या दुधाच्या गाडीलाबी वेळापत्रक आहे.

पंचगंगाकाठ

@तामगावकर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मी मानतो. जमिनीच्या भावाचा मुद्दा अगदी खरा. मोबदला जुन्या व्यवहारांच्या दरावर ठरतो, आणि माणसाला नवी जमीन घ्यायची असते ती वाढलेल्या भावानं. पुनर्वसनात जमिनीबरोबर घरटी एक कायम नोकरी, आणि रस्ता आधी, या दोन गोष्टी लेखी असल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये. शहरातल्या आम्ही लोकांनीही त्या तुमच्या बाजूनं मागायला हव्यात. विमानात बसणारे आम्ही आणि जमीन देणारे तुम्ही, हे फार दिवस चालणार नाही.

कृष्णाकाठची

सांगलीहून लिहिते. आमच्या कवलापूरला ब्रिटिशांच्या काळातली धावपट्टी होती. ती जागा विमानतळाला द्यायची की उद्योगांना, यावर आमच्याकडे वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे. मला विचाराल तर सांगलीला वेगळा विमानतळ नकोच. कोल्हापूर पन्नास किलोमीटरवर आहे. दोन अर्ध्या विमानतळांपेक्षा एक भरलेला विमानतळ दोन्ही जिल्ह्यांना जास्त उपयोगाचा. आमच्याकडचे लोक यावर चिडतील, पण मिरजेच्या दवाखान्यांत बाहेरून येणारे रुग्ण, द्राक्षांचे व्यापारी, तासगावचा बेदाणा, इचलकरंजीचं कापड हे सगळं एकत्र धरलं तरच रोजची विमानं भरतील.

मात्र त्यासाठी सांगलीहून विमानतळापर्यंत थेट बस हवी. आज सांगलीकरानं कोल्हापूर स्टँडवर उतरायचं, तिथून रिक्षा. सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असली की लोक सरळ पुण्याचीच गाडी ठरवतात. विमानाच्या वेळेला धरून सांगली-मिरज-जयसिंगपूर अशी एक बस एसटीनं सोडली तर तिचा परिणाम मोठ्या जाहिरातीपेक्षा जास्त होईल.

ओतकाम

+१. केएमटीचीही, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बससेवेची, एक बस विमानाच्या वेळेला जोडलेली हवी.

सावंतवाडीचो

लांबी म्हणजेच सगळं नाही, हे सांगायला मी आमच्या चिपीचं उदाहरण देतो. सिंधुदुर्ग विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं. धावपट्टी २,५०० मीटर, म्हणजे तुम्ही मागताय त्याहून मोठी. परिसर मोकळा, समुद्र जवळ, पर्यटक येण्याची खात्री. त्या दिवशी आमच्या जिल्ह्यात दिवाळी होती. आणि पुढं काय झालं? मुंबईची सेवा अनुदानाच्या तीन वर्षांच्या टप्प्यावर येऊन थांबली. जानेवारी २०२३ पासून शेजारी गोव्यातलं मोपा विमानतळ सुरू झालं होतंच. तिथे दिवसाला कितीतरी विमानं, देशभरची शहरं, भाडंही अनेकदा कमी. सावंतवाडीच्या माणसाला मोपा जवळ पडतं. मग चिपीचं विमान कोण पकडणार?

मला चिपी जगायला हवी आहे, मनापासून. पण शेजारच्या विमानतळाकडे दुर्लक्ष करून आपल्या विमानतळाचा आराखडा करता येत नाही, हे आम्ही भोगतोय. तुमच्या शेजारी बेळगाव आहे. त्याची धावपट्टी आजच २,३०० मीटर आहे.

शून्यसात

@सावंतवाडीचो, नेमकं बोललात. धावपट्टी ही अट आहे, हमी नाही. शिर्डीजवळ काकडी गावात २,५०० मीटरची धावपट्टी झाली, ऑक्टोबर २०१७ मध्ये विमानं सुरू झाली, आणि साईबाबांच्या दर्शनाला देशभरातून येणाऱ्या भाविकांमुळे ती भरलीही. चिपीचीही लांबी तेवढीच. फरक मागणीत आणि शेजाऱ्यांत.

कोल्हापूरला दोन्ही प्रकारची मागणी आहे : उद्योगाची बारमाही, आणि अंबाबाईच्या भाविकांची. तिरुपतीचा मार्ग म्हणूनच शहाणपणाचा होता. बालाजीचं दर्शन झालं की अंबाबाईला यायचं ही परंपराच आहे. नवरात्रात तिरुमलाहून देवीला शालू येतो. तो धागा विमानापेक्षा कितीतरी जुना आहे, विमानानं फक्त वेळ वाचवला.

वकिली_बाणा

एक वेगळी बाजू. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. इतकी वर्षं आम्ही आणि आमचे पक्षकार महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबईला जात होतो. तारीख पडली की परत. तो प्रवास आता खूप कमी झाला, आणि त्याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. सहा जिल्ह्यांतल्या गरीब पक्षकाराचा मुंबईतला लॉजचा खर्च वाचला.

पण विमानतळाच्या हिशोबात याचा अर्थ काय? कोल्हापूरहून मुंबईला जाणारा एक वर्ग घटला, आणि मुंबईहून कोल्हापूरला येणारा वर्ग वाढला. मोठ्या प्रकरणांत ज्येष्ठ वकील मुंबईहून येतात. त्यांना सकाळी इकडे आणि संध्याकाळी तिकडे जायचं असतं. म्हणजे धागाकर्त्यानं सांगितलेल्या वेळापत्रकाच्या बरोबर उलटं. विमान रात्री मुंबईत मुक्कामी असलं तर त्यांची सोय, कोल्हापुरात असलं तर आपली. दोन्ही हवं तर दोन फेऱ्या लागतील.

दख्खनवारा

सगळ्यांचं मुंबई-मुंबई चाललंय, त्यावर माझा आक्षेप आहे. मी हैदराबादला नोकरी करतो. आमच्यासारखी हजारो पोरं बेंगळुरू-हैदराबादला आहेत, आयटीत, औषध कंपन्यांत. आमची विमानं भरतात. शिवाय हैदराबाद-बेंगळुरूला उतरलं की पुढं देशात कुठंही, आखातात, अमेरिकेला एकाच तिकिटावर जाता येतं. २७ एप्रिल २०१७ ला 'उडान'ची पहिली विमानं उडाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होतं. नांदेड-मुंबई नव्हे. मराठवाड्याला कळलेली गोष्ट आपल्याला का कळत नाही? मुंबईत जागा मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षं रडण्यापेक्षा दक्षिणेच्या फेऱ्या दुप्पट करा.

पंचगंगाकाठ

@दख्खनवारा, दक्षिणेच्या फेऱ्या वाढाव्यात यात दुमत नाही. तुमची विमानं भरतात हीच तर विमानतळाची सगळ्यात मोठी जमेची बाजू. पण मुंबई सोडून देता येणार नाही. मंत्रालय तिथं, बँकांची मुख्यालयं तिथं, टाटा मेमोरियल तिथं. कर्करोगाच्या उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला हैदराबादची जोडणी काय उपयोगाची? रात्रभर रेल्वेत बसवत नाही अशा अवस्थेतली माणसं असतात. मी त्यांच्यासाठी भांडतोय.

मुंबईच्या जागेबद्दल @शून्यसात यांनी सांगावं.

शून्यसात

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला उतरणं-उडणं मिळून सुमारे ४६ हालचाली होतात. अशा एका हालचालीसाठी कंपनीला मिळालेल्या ठरावीक वेळेला 'स्लॉट' म्हणायचं. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळचे तास सोन्याच्या मोलाचे. तोच स्लॉट कंपनीला दिल्लीच्या १८० आसनी विमानासाठी वापरता येतो की कोल्हापूरच्या ७६ आसनी विमानासाठी? उत्तर तुम्हीच द्या. म्हणून आपल्याला उरलेल्या वेळा मिळतात. भाड्याचा, प्रवाशांचा प्रश्न इथे नंतर येतो.

यावर दोन वाटा. एक, मोठं विमान आणा, म्हणजे त्याच स्लॉटमध्ये अडीचपट माणसं जातील. त्यासाठी २,३०० मीटर. दुसरी, नवी मुंबई. तिचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. नवीन विमानतळावर सुरुवातीच्या वर्षांत सकाळच्या वेळा मिळवणं सोपं असतं, पुढे तिथंही गर्दी होईल. मागायचं तर आत्ता. अटल सेतूमुळे उलव्याहून, म्हणजे त्या विमानतळाकडून, शिवडीला पोचणं आता अवघड राहिलेलं नाही. परळला जाणाऱ्या रुग्णाला तर ते सोयीचंच पडेल.

दख्खनवारा

रुग्णांचा मुद्दा मान्य. नवी मुंबईच्या सकाळच्या वेळेसाठी मीही मागणी करेन. पण हैदराबादची फेरी काढून ती देऊ नका, एवढंच.

सोलापुरी_चादर

आमच्याकडचा अनुभव. होटगी रस्त्यावरचा विमानतळ शहराला चिकटून. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीच्या चिमणीचा अडथळा होता. त्यावरून शहर दोन भागांत वाटलं गेलं. एकीकडे विमानासाठी उपोषणं, दुसरीकडे कारखान्याचे सभासद आणि कामगार. १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. त्यानंतरही पहिलं विमान, गोव्याचं, उडायला जून २०२५ उजाडलं. दोन वर्षं.

चिमणी पडली त्या दिवशी ज्यांचा ऊस त्या कारखान्याला जातो ते शेतकरी रडत होते, आणि विमानतळासाठी लढलेले पेढे वाटत होते. दोघंही सोलापूरचेच. कोल्हापूरकरांना विनंती आहे, @तामगावकर यांच्याशी आत्ताच बोला. नंतर बोलायला गेलं की दोन्ही बाजूंना ऐकू येत नाही.

आणि शहरात उंच इमारतींची परवानगी देताना विमानतळाच्या उंचीच्या मर्यादेकडे आजपासून लक्ष द्या. नंतर पाडापाडी करावी लागली तर भोगतो तिथं राहणारा माणूस.

गगनबावडा

महापुराचा उल्लेख अजून कुणी केला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. गावात पेट्रोल नाही, दूध बाहेर जात नाही, औषधं आत येत नाहीत. रेल्वेही बंद. अशा दिवसांत आकाश हीच वाट उरते. विमानतळ पूररेषेच्या वर, उंच माळावर आहे. त्यामुळे विस्ताराचा आराखडा करताना मदतीची मोठी विमानं, हेलिकॉप्टर, औषधांचा साठा यांची सोय पहिल्यापासून धरली पाहिजे. नफा-तोट्याच्या वहीत हे बसत नाही. २०१९ ला ज्यांनी गच्चीवर दिवस काढले त्यांना मात्र याचं मोल विचारा.

पंचगंगाकाठ

@गगनबावडा, हा मुद्दा पहिल्या पोस्टमध्येच यायला हवा इतका मोठा आहे.

अनुदानाबद्दल थोडं लिहितो, कारण दोघांनी व्यक्तिगत संदेशात विचारलं. 'उडान'मध्ये कंपनीला विमानातली साधारण निम्मी आसनं ठरलेल्या कमाल भाड्यात द्यावी लागतात. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला ती मर्यादा २,५०० रुपये होती. त्यातून पडणारी तूट सरकार तीन वर्षं भरून देतं, आणि त्यातला २० टक्के वाटा राज्याचा असतो. इंधनावरचा राज्याचा करही या विमानतळांवर नाममात्र ठेवलेला आहे. तीन वर्षं झाली की आधार संपतो. तोवर प्रवाशांना सवय लागली असेल तर मार्ग जगतो. वेळा रोज बदलत राहिल्या, विमानं रद्द होत राहिली, तर सवय लागणार कशी? तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हिशोब करणारा म्हणतो, मागणी नाही. मागणी होती हो, विमान वेळेवर नव्हतं.

म्हणून राज्य सरकारकडे माझी मागणी अशी आहे : राज्याच्या वाट्याचा पैसा देताना वक्तशीरपणाची अट घाला. किती फेऱ्या झाल्या, किती रद्द झाल्या, किती वेळेवर सुटल्या, हे दर महिन्याला विमानतळाच्या दारावर मराठीत लावा. ज्या कंपनीनं चांगली सेवा दिली तिला मुदत संपल्यावर आणखी दोन वर्षं कमी होत जाणारी मदत द्या. एकदम हात काढून घेतला की विमान जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. आपण ते पाहिलं आहे.

ओतकाम

दारावर फलक लावायची कल्पना उत्तम. आमच्या कारखान्यात रोजचं रिजेक्शन फलकावर लिहितो. लिहायला लागलो तेव्हापासून कमी झालं.

मालवाहतुकीबद्दल एक. हुपरीची चांदी, शिरोळ भागातली हरितगृहातली फुलं, तातडीचे सुटे भाग, हे वजनाला कमी आणि मोलाला जास्त. एटीआरच्या पोटात फार जागा नसते, पण जेवढी आहे तेवढी तरी वापरली जावी. फुलं संध्याकाळी तोडून पहाटे मुंबईच्या बाजारात हवीत. इथंही पुन्हा वेळेचाच प्रश्न.

तामगावकर

सोलापूरच्या भावानं लिहिलेलं वाचून बरं वाटलं. शहरातल्या माणसांनी आमचं नाव घेऊन बोलावं असं पहिल्यांदाच घडलं.

धागाकर्ते, तुम्ही फलकाचं म्हणताय तर त्यात आमची एक ओळ घाला. किती एकर घेतली, किती जणांचा मोबदला बाकी आहे, रस्ता कुठवर आला. विमानाच्या वेळेशेजारीच लावा. विमानात बसणारा माणूस दोन्ही वाचेल.

आणि गावसभेला या. विषय हाच असतो. @शून्यसात यांनी तो १४ टक्के आणि २४ टक्क्यांचा हिशोब तिथं फळ्यावर मांडून दाखवावा. आम्हाला आजवर कुणी एवढं समजावून सांगितलं न्हाई. नुसतं 'जमीन द्या' म्हणत आले.

शून्यसात

नक्की येतो. तारीख इथेच टाका. नकाशाही घेऊन येतो, म्हणजे कुठल्या गटातून धावपट्टी जाते, कुठून टोकाची मोकळी जागा आणि कुठून पर्यायी रस्ता काढता येतो, हे सगळ्यांसमोर बघता येईल.

कृष्णाकाठची

मीही येईन. एसटीच्या बसचं निवेदन तयार करते. सांगली, मिरज आणि जयसिंगपूरच्या व्यापारी संघटनांच्या सह्या मिळवायचं काम माझ्याकडे.

पंचगंगाकाठ

ठरलं. गावसभेची तारीख कळली की पहिल्या पोस्टखाली लिहितो. नवी मुंबईच्या सकाळच्या वेळेचं आणि फलकाचं निवेदन मी लिहून इथे टाकतो, दुरुस्त्या सुचवा. @वकिली_बाणा, मोबदला आणि पर्यायी रस्ता लेखी कसा घ्यायचा, त्याचा मसुदा तुम्ही कराल का?

वकिली_बाणा

करतो. @तामगावकर, सातबाराचे उतारे आणि आतापर्यंत आलेल्या नोटिसा गावसभेला घेऊन या. भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना आली असेल तर ती सगळ्यात आधी दाखवा, कारण हरकतीची मुदत तिच्या प्रसिद्धीपासून मोजली जाते.